जिन्यावरची फिरनी

काउंटर उघडायच्या आधी काका हातात रिकामी प्लेट घेऊन, गुडघ्यांत वाकून, जवळजवळ उकिडवे चालत त्याच्यासमोरून एक फेरी मारत. लखनौतलं कितीही बडं लॉन असो आणि यजमान कितीही तालेवार असोत, साठी उलटलेला, सफारी घातलेला एक गृहस्थ बेडकासारखा पुढे सरकतो आहे हे दृश्य सगळ्यांना आधी बघावं लागे. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांचं काहीतरी पडलंय.

"पडलं काही नाही, वहिनी," ते खालूनच म्हणाले. "व्हीलचेअरवरच्या आजीला इथून काय दिसणार? टेबलक्लॉथची शिवण. मतलब, आपण त्यांना शिवण वाढणार का?"

मग कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि टेबलाचा कपडा स्वतः पिना काढून पुन्हा लावला. पाहुणे दारात आले होते. आमच्या कंपनीचा मालक फोनवर ओरडत होता. काकांनी शेवटची पीन लावेपर्यंत कुणाला आत सोडलं नाही.

मी नाशिकची. नवऱ्याची बँकेतली बदली लखनौला झाली, विकास नगरमध्ये घर मिळालं आणि सहा महिने भिंतींकडे बघून झाल्यावर मी एका केटरिंग कंपनीत इव्हेंट कोऑर्डिनेटर म्हणून लागले. नाव मोठं, काम एवढंच की यजमानांचे फोन घ्यायचे, तंबूवाल्याशी भांडायचं आणि सगळं बोंबललं की हसरा चेहरा ठेवायचा. काका तिथे मिठाई आणि काउंटरांची मांडणी बघायचे. पहिल्या दिवशी मी सासूबाईंशी फोनवर बोलत होते, तर हे माझ्या मागे येऊन उभे. फोन संपेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "तशरीफ ठेवा, वहिनी. कुठल्या तुम्ही?"

मला हसू आवरेना. त्यांचे वडील नोकरीसाठी वाईहून इकडे आले होते. काका इथेच जन्मले, इथेच वाढले. त्यांची मराठी आईकडून आलेली, आणि जिथे शब्द सापडणार नाही तिथे हिंदीचं ठिगळ लावलेली. पण त्या ठिगळांची त्यांना लाज नव्हती. त्यांची मुलगी मराठी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची, तेव्हा मात्र ते दुखावले जात. कंपनीत सगळे त्यांना काकाजी म्हणत. मी काका म्हणायला लागले तेव्हा त्यांनी चक्क खिशातला रुमाल काढून डोळे टिपले. मला वाटलं नाटकी आहेत. होतेच थोडे.

त्यांच्या आवडीनिवडी फार कडक. कलिंगडावर कोरलेली नवरानवरीची नावं त्यांना खपत नसत. आइसक्रीममध्ये खोचलेली कागदी छत्री दिसली की ती उपटून खिशात घालत, आणि संध्याकाळी निघताना खिशातून पाच-सहा छत्र्या निघत. एका डॉक्टर जोडप्याच्या लग्नात मालकाने टेस्ट ट्यूबमधून रबडी द्यायचं ठरवलं होतं. काका म्हणाले, "रबडी बघून माणसाला स्वतःचे रिपोर्ट आठवले, तर तो दुसऱ्यांदा येईल का?" त्याऐवजी त्यांनी जुनी शिवणयंत्रं आणून त्यांच्या ड्रॉवरमधून पेठ्याचे तुकडे मांडले, पेरूच्या सुकल्या फांदीला जिलब्या टांगल्या. लोकांनी फोटो काढकाढ काढले. मालक खूश झाला आणि ती कल्पना आपलीच म्हणून सांगत सुटला.

आणि बर्फ. बर्फाशी त्यांचं उभं वैर. मिठाईखाली बर्फाचा चुरा घालायला ते कधी तयार नसत. "बर्फ वितळतो, वहिनी. तासाभरात सगळं काउंटर ओलं. बघणाऱ्याला वाटतं, या घरात आत्ता कुणीतरी रडून गेलंय."

मालक त्यांच्या अर्ध्या वयाचा. दिल्लीतल्या लग्नांच्या रील बघून यायचा. "काकाजी, क्लाइंट को डोनट वॉल चाहिए." काकांनी डोनटची भिंत उभी केली. खुंट्या किंचित वर वळवून ठोकल्या, म्हणजे डोनट घसरणार नाहीत. खालची रांग मुलांच्या उंचीवर आणली. सगळं चोख केलं आणि मग संध्याकाळभर तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. इतके हट्टी की बोलायची सोय नाही.

पण त्यांना ओळखलं जायचं ते तेरहवींच्या काउंटरमुळे. तेरहवीं म्हणजे आपलं तेरावं. तिकडे तेराव्याला दोनशे, तीनशे माणसं जेवतात आणि हल्ली तेही केटररकडेच असतं. पुरी, कद्दूची भाजी, रायतं, बुंदी. ठरलेलं जेवण, ठरलेले चेहरे. काकांनी त्यात एक काउंटर घुसवलं. त्याला ते 'पसंद का काउंटर' म्हणत. पाचव्या-सहाव्या दिवशी ते त्या घरी जायचे, जमिनीवर बसायचे आणि विचारायचे: गेलेल्या माणसाला काय आवडायचं? नुसतं काय नाही. कुठे बसून खायचे? कशातून? शेवटचा घास कशाचा ठेवायचे? घरचे आधी चिडायचे. मग एकेक जण बोलायला लागायचा. एका रेल्वे गार्डच्या तेराव्याला त्यांनी खिडकीची एक जुनी चौकट उभी केली, तिच्या कट्ट्यावर थर्मास ठेवला आणि स्टीलच्या डब्यांतून चार-चार मठऱ्या. त्या माणसाची तिन्ही मुलं एकमेकांशी बोलत नव्हती. तिघं त्या चौकटीपाशी उभी राहून मठऱ्या खात रडली.

मालक आधी हसला होता. मग लोक फोन करून तेच मागायला लागले, तेव्हा त्याने त्याचं पॅकेज केलं.

हे खूळ काकांच्या डोक्यात कधी शिरलं ते मला उशिरा कळलं. मी कंपनीत यायच्या वर्षभर आधी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, काका आणि काकू दोघंही आजारी पडले. काका परत आले. काकू आल्या नाहीत. त्या दिवसांत कुणाचंच तेरावं धड झालं नाही. मी एकदा विचारलं, "काकूंचं काउंटर लावलं असतं तर काय ठेवलं असतं?"

ते रुमालाच्या घड्या घालत राहिले. "माहीत नाही," म्हणाले. "ती सगळ्यांच्या नंतर बसायची. मी तोवर उठलेला असायचो."

परक्यांच्या घरी मांडी ठोकून मेलेल्यांची आवड विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोची आवड सांगता येत नव्हती. मला त्यांचा रागच आला, खोटं कशाला बोलू. कीव यायला बरेच दिवस गेले.

त्याच आजारात त्यांची आणखी एक गोष्ट गेली होती आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. सुरुवातीला ते मला हाक मारून एखादी मिठाई चाखायला द्यायचे आणि म्हणायचे, "सांगा. पुढे कोण आहे, मागे कोण?" मला वाटायचं, मला शिकवताहेत. मी सांगायचे, वेलची पुढे आहे, खवा मागे. ते मान डोलवायचे. मग एका साखरपुड्याला शाही टुकडा आला. तूप करपलेलं. काकांनी एक अख्खा तुकडा खाल्ला, "उम्दा" म्हणाले आणि पास केला. मी खाल्ला आणि थुंकला.

"काका, हे जळलंय."

त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मला ओढतच भांडी घासायच्या जागेमागे नेलं. "वास नाही येत, वहिनी. चवही नाही. तेव्हापासून नाही. पावसात भिजलेला पुठ्ठा आणि गाजर हलवा, मला दोन्ही सेम." मग हात धरून म्हणाले, "कुणाला सांगू नका. मिठाईवाल्याची जीभ गेली म्हणजे तो गेलाच. घरी बसलो तर मी काय करू?"

मी कबूल झाले. त्या दिवसापासून काउंटर उघडायच्या आधी मी प्रत्येक गोड पदार्थ चाखायचे आणि त्यांना मराठीत सांगायचे. भर स्वयंपाकघरात, हलवाई आणि वेटरांच्या गर्दीत, मोठ्या आवाजात. कुणाला एक अक्षर कळत नसे. त्यांना वाटायचं, आम्ही गावाकडच्या गप्पा मारतोय. "साखर जास्त आहे, काका, आणि केशर नावाला." की लगेच काका वळून हलवायाला दटावायचे, "शक्कर ज़्यादा है भाई, और केसर में कंजूसी!" हलवाई कान पकडायचा. काकाजींची ज़बान म्हणजे ज़बान, असं सगळे म्हणत. मला त्याची मजा वाटायची. गर्वसुद्धा वाटायचा. एवढ्या मोठ्या शहरात मी कुणाच्या तरी कामाची होते.

हे दोन वर्षं चाललं. मग त्या मे महिन्यात विकास नगरमधलंच एक तेरावं आमच्याकडे आलं, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका गेल्या होत्या. मागे ऐंशीच्या घरातले त्यांचे यजमान आणि एक मुलगा. काका त्यांच्याकडे दोनदा जाऊन बसले. परत आले ते उजळून. "फिरनी, वहिनी! बाई स्वतः करायच्या, मातीच्या सकोऱ्यात लावायच्या आणि दुपारी सगळे झोपले की घराच्या जिन्यावर एकट्या बसून खायच्या. शाळेत दिवसभर बोलून घसा सुकायचा ना. ती त्यांची गप्प बसायची जागा. आपण टेबल लावणारच नाही. जिनाच काउंटर!"

आणि खरंच, त्यांनी केलेलं सगळ्यांत सुंदर काउंटर तेच होतं. अंगणातून गच्चीवर जाणारा जिना धुऊन घेतला. प्रत्येक पायरीवर लाल मातीचे सकोरे, प्रत्येकावर गुलाबाची एकच पाकळी. एका पायरीवर, भिंतीच्या बाजूला, एका माणसापुरती जागा मोकळी सोडली होती. वर कापडाचं छत. बर्फ अर्थातच नाही.

सकोरे अकरा वाजता गाडीतून आले. आणि त्या दिवशी संकष्टी होती.

मी काही फार देवभोळी नाही. पण लग्नानंतर सासूबाईंनी संकष्टी धरायला लावली ती धरली, आणि घरापासून इतक्या लांब आल्यावर तर ती जास्तच घट्ट धरली. फिरनी म्हणजे भरडलेल्या तांदळाची खीर, आणि तांदूळ उपासाला चालत नाही. मी चमचा उचलला, तोंडापाशी नेला, आठवलं आणि खाली ठेवला. तंबूवाला पैसे वाढवून मागत होता, मुलगा पंडितजींना शोधत होता, ऊन मी म्हणत होतं. काका आले. उकिडवी फेरी मारून झाली होती, कपाळावर घाम.

"सांगा, वहिनी. पुढे कोण?"

उपास आहे म्हणून सांगायला काय जात होतं माझं? काका स्वतः मराठी. त्यांना संकष्टी माहीत होती. पण सांगितलं असतं तर ते घाबरेघुबरे झाले असते, दुसऱ्या कुणाला तरी गाठावं लागलं असतं, त्याला काय विचारायचं आणि का विचारायचं ही पंचाईत. शिवाय याच हलवायाची हीच फिरनी मी वीस वेळा चाखली होती. मी म्हणाले, "वेलची पुढे, दूध मागे. केशर उशिरा येतं. छान झालीय."

"जियो," काका म्हणाले आणि काउंटर उघडलं.

लग्नात लोक मिठाईला नावं ठेवतात. तेराव्याला कुणी ठेवत नाही. जे समोर येईल ते डोळे खाली घालून खातात. दीडशे सकोरे संपत आले, एकही तोंड वाकडं झालं नाही. शेवटी, पाहुणे पांगल्यावर, म्हाताऱ्या यजमानांना मुलाने धरून आणलं. ते त्या मोकळ्या जागेत बसले. एक सकोरा खाल्ला, मग दुसरा. मग काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "बिल्कुल उसके हाथ की है. आख़िरी दिनों वाली. आपने वो भी पूछ लिया था क्या?"

काकांना त्यातलं शेवटचं काही कळलं नाही, मलाही नाही. पण काका फार आनंदले. त्यांनी वाकून म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला.

संध्याकाळी पहिला फोन आला. रात्रीपर्यंत अकरा जण उलट्यांनी बेजार. दहा जण एक-दोन दिवसांत उठले. म्हातारे यजमान चौथ्या दिवशी हॉस्पिटलातच वारले.

मी आणि काका तिथे गेलो होतो. मुलगा चिडला नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "अम्मा आख़िर में भूलने लगी थीं. फिरनी बनाकर बाहर रख देतीं, खट्टी हो जाती. बाबूजी पूरी खा लेते थे, कहते कुछ नहीं थे. उस दिन भी खट्टी थी. उनको लगा, आप लोगों ने जानकर वैसी बनवाई है."

काका भिंतीला टेकून खाली बसले.

मालकाने सगळ्यांना बजावलं, गर्मी थी, बस गर्मी थी. दोन दिवसांनी हलवायाने मला एकटीला गाठलं. तेराव्याच्या आदल्या रात्री कोल्ड रूमची वीज गेली होती आणि जनरेटर लागला नव्हता. "मैडम, फिरनी तो सुबह ही गड़बड़ लग रही थी. फिर सोचा, काकाजी चखेंगे तो रोक देंगे. उन्होंने पास कर दी, तो हमने समझा ठीक ही होगी."

मी त्याला म्हटलं, हे कुणाला बोलू नकोस. तो त्याला मेहरबानी समजला.

काकांनी त्यानंतर एकही काउंटर लावलं नाही. कंपनीत येणं बंद केलं. मुलीकडे राहायला गेले नाहीत. लखनौजवळ मलिहाबादला, एका जुन्या ओळखीच्या माणसाच्या आंब्याच्या बागेत जाऊन राहिले, असं कळलं. मी फोन करायचे ठरवायचे आणि करायचे नाही. वर्ष गेलं. नवऱ्याची पुन्हा बदली झाली, सामान बांधून झालं, तेव्हा मी गाडी करून मलिहाबादला गेले. जाताना सगळ्या रस्त्यात मी ती वाक्यं जुळवत होते. काका, मी चाखलीच नव्हती. माझी संकष्टी होती. सकाळीच नासली होती ती. तुमच्या जिन्याचा काही दोष नाही. चारच वाक्यं.

दशहरी आंब्याचा हंगाम. काका झाडाखाली एका पाटावर बसून आंब्यांच्या पेट्यांना झाकणं ठोकत होते. फार वाळले होते. आंबे दुसरी माणसं भरत होती. काका पेटीत डोकावूनही बघत नव्हते, झाकण ठेवायचं आणि चार खिळे.

"इथे मांडायचं काही नाही, वहिनी," ते म्हणाले. "बरं आहे."

बदलीचं बोलून झालं, त्यांच्या मुलीचं बोलून झालं. मी निघायला उठले. तेव्हा त्यांनी हातोडी मांडीवर ठेवली.

"एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही चाखली होती ना?"

हीच वेळ होती. माझ्या जुळवलेल्या वाक्यांना त्यांनी स्वतः दार उघडून दिलं होतं. पण मी ते बोलले असते तर तो म्हातारा त्यांच्या जिन्यावरून उठून माझ्या अंगणात येऊन बसला असता, कायमचा. मला ते झेपलं नसतं.

"हो," मी म्हणाले. "चाखली होती."

"आंबट नव्हती?"

"नाही, काका."

"वेलची पुढे होती म्हणालात तुम्ही."

"होती. दूध मागे. ताजं."

त्यांनी लांब श्वास सोडला. "म्हणजे तिथवर ठीक होती. मग जिन्यानेच घात केला. मे महिन्याचं ऊन, दोन-अडीच तास, आणि बर्फ मी लावू दिला नाही. माझ्या हौसेपायी गेले ते." मग त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. "तुमची माफी मागायची आहे, वहिनी. वर्षभर कधी कधी मनात यायचं, वहिनींनी घाईत न चाखताच तर सांगितलं नसेल? तुमच्यावर शक घेतला मी. मला माफ करा."

"जाऊ द्या, काका," मी म्हणाले, आणि त्यांना माफ केलं.